दोन पट्ट्या खाली

गाण्याच्या बाई कुठे राहतात असं कुणी विचारलं, की त्या इमारतीच्या तळमजल्यावरचा चष्मेवाला नुसतं वर बोट करायचा. "थांबा जरा, आत्ता ऐकू येईल," म्हणायचा. आणि खरंच यायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बाईंचा वरचा स्वर बाहेर पडायचा, लांब, सरळ, कुठेही न थरथरता, आणि विचारणारा जिना चढायला लागायचा. पोरांना घेऊन येणाऱ्या निम्म्या आया त्या एका स्वरापायी आल्या होत्या. तो लागला की बाकावर बसल्या बसल्या त्या एकमेकींकडे बघायच्या, आणि बाईंना ते डोळे मिटूनही दिसायचं.

आता तो स्वर बाईंना लागत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

पन्नाशी उलटली आणि आवाज उतरला. यात जगावेगळं काही नाही, सगळ्यांचाच उतरतो. दुसरी कुणी असती तर पोरांना सरळ म्हणाली असती, "बाळांनो, मला आता तिथवर जाता येत नाही, तुम्ही जा." एवढंच एक वाक्य. पण बाईंनी जन्मभर नाकाने कांदे सोललेले. वय झालेल्या गाणाऱ्यांबद्दल "कशाला हो ओढूनताणून गातात, घरी बसावं" असं चारचौघांत बोलून झालेलं. स्वतःवर पाळी आली तेव्हा ते वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर पडेना.

मग त्यांना कीबोर्डवरचं ते बटण सापडलं. तसं ते सगळ्याच कीबोर्डवर असतं. एकदा दाबलं की सगळं वाद्य एक पट्टी खाली सरकतं, दोनदा दाबलं की दोन. बोटं तिथेच पडतात, आवाज तेवढा खालचा येतो. गळा बसलेला असला की गाणारे ते उघड उघड वापरतात, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. बाईंनी दोनदा दाबलं, गाऊन बघितलं, आणि वरचा स्वर पूर्वीसारखा लख्ख लागला. त्यांना रडू आलं. बटणाशेजारच्या काचेत उणे दोनचा आकडा उमटला होता. त्यावर त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकला. "नजर आकड्यांवर गेली की कान झोपतात," असं त्यांनी मुलांना सांगितलं, आणि मुलांनी माना डोलावल्या.

वाद्य बंद केलं की ते आपोआप मूळ जागेवर जायचं. म्हणजे एकदा चूक झाली आणि तशीच राहून गेली, असं म्हणायलाही बाईंना जागा नव्हती. रोज सकाळी वाद्य चालू करायचं आणि रोज दोनदा दाबायचं.

त्यांचे यजमान वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेली लोहचुंबकं त्यांनी नोकरीभर शोधून काढली. पण सुराच्या बाबतीत ठार बहिरे. पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसायचे आणि चहा हवा असला की खोकायचे.

ज्या मुलांच्या घरी वाद्य होतं ती कधीकधी गडबडायची. "बाई, घरी हेच गाणं उंच लागतं." बाईंचं उत्तर तयार असायचं, "तुमची वाद्यं स्वस्तातली, ती चढीच असतात. खरा सूर इथला." एका मुलीच्या वडिलांनी फारच चौकशी केली, तेव्हा बाईंनी त्या मुलीला गळा नाही असं सांगून शिकवणी बंद केली. मुलगी बरी गायची.

टिटवीच्या घरी मात्र वाद्य नव्हतं.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नाही. तान्ही असताना रात्रंदिवस किंचाळायची म्हणून आजीने ठेवलेलं. आई कपड्यांच्या दुकानामागे शिलाईला बसायची. बाप लवकर गेलेला. पोर सहा वर्षांची असताना आई तिला घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "बाई, ही घरात भांडी वाजवते आणि कुठलं भांडं कसं बोलतं ते सांगते. जरा बघता का?" बाईंनी बघितलं. कीबोर्डची एक पट्टी वाजवून तिला नाव सांगितलं, दुसरी वाजवून सांगितलं, अशी पांढऱ्या-काळ्या सगळ्या पट्ट्यांची आकड्यासकट नावं सांगितली. मग पोरीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मधलीच एक वाजवली.

"काळी तीन," टिटवी म्हणाली.

आठवडा झाला, महिना झाला, एकदाही चुकली नाही. असा कान हजारात एखाद्याचा. त्याला दुसऱ्या स्वराचा आधार लागत नाही, आपण लाल रंग ओळखतो तसा तो स्वर ओळखतो. आणि लहानपणी जे नाव ज्या स्वराला चिकटतं, ते मरेपर्यंत निघत नाही. हे बाईंना ठाऊक होतं. गुरुवारच्या थिअरीच्या तासाला त्यांनीच ते फळ्यावर लिहून समजावलं होतं.

तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. की पडला आणि त्यांनी तो विझवला, देव जाणे.

टिटवी बाईंची मिरवायची वस्तू झाली. नवी आई आली, की बाई चमच्याने पेल्यावर टिचकी मारायच्या. "टिटवे, काय आहे ग?" "पांढरी पाच, बाई." आई थक्क व्हायची आणि आपलं पोर तिथेच सोडून जायची. बाईंना मूलबाळ नव्हतं. टिटवीच्या वेण्या त्या घालून द्यायच्या, तिच्यासाठी पोळीला जास्त तूप लावायच्या, आणि कुणी "तुमची नात का?" असं विचारलं तर लगेच नाही म्हणायच्या नाहीत. सगळ्यात मोठा मान म्हणजे वाद्य उघडायचा. तो टिटवीचा. तिने लहानपणीच बघून ठेवलं होतं, की बाई वाद्य चालू करतात आणि त्या बटणाला दोनदा बोट लावतात. तिला वाटलं, देवाला हात लावून कपाळाला लावतात तसं काहीतरी असेल. एक दिवस तिने विचारलं, "मी करू?" बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "कर." तेव्हापासून रोज तीच करायची. पुढे ती आली नसेल त्या दिवशी दुसरं एखादं पोर करायचं. बाईंना बरंच वाटलं. आपल्या हाताने दाबावं लागत नव्हतं.

अशी अकरा वर्षं गेली. टिटवी सतराची झाली, गळा असा तयार झाला की तळमजल्याचा चष्मेवाला गिऱ्हाइकाला थांबवून ऐकायचा. शहरातल्या मोठ्या संगीत विद्यालयात दरवर्षी एकच जागा अशी असायची, की राहणं, जेवण, शिकवणी सगळं विद्यालयाचं. अठरा पूर्ण झाले की ती मिळत नसे. टिटवीला ही एकच खेप होती. ती जागा मिळाली तर गाणं, नाहीतर आईशेजारचं शिलाईचं मशीन. आईने दुकानदाराला अजून हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी टिटवी शेवटची तालीम करायला आली. गाणं बाईंनीच निवडलेलं, शेवटच्या ओळीत गळा कसाला लावणारं. टिटवी तो वरचा स्वर घ्यायची तेव्हा तिच्या मानेची शीर दिसायची. त्याच्या वर तिला फारशी जागा नव्हती, हे बाई ओळखून होत्या. तालीम झाली, टिटवी पाणी प्यायली आणि तिने दारात चप्पल घालता घालता सहज विचारलं, "बाई, तिथे साथीला पियानो आहे. पियानोवाल्यांना कुठली पट्टी सांगू?"

 खरी पट्टी काळी दोन होती. "काळी दोन सांग" एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण टिटवी विचारणार, आपण तर पांढरी चारात गातो, मग काळी दोन कशी? तिला आता काही सांगून गप्प बसवता येत नसे, ती प्रश्न धरून बसायची. मग बटण आलं, चिकटपट्टी आली, सगळंच आलं. बाईंनी मनाशी हिशेब केला. दोन पट्ट्या म्हणजे काय मोठंसं. कोवळा गळा आहे, परीक्षेच्या भरात जाईल वर. अंतरं तीच, गाणं तेच.

"पांढरी चार," बाई म्हणाल्या. "आपली नेहमीची."

"तुम्ही याल ना उद्या?"

"गुडघा दुखतोय ग माझा. इतके जिने." विद्यालय तळमजल्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शिकवणीच ठेवली नाही. दुपारभर खिडकीशी उभ्या राहिल्या. यजमान पलीकडून दोनदा खोकले, पण चहा काही गेला नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा कोपऱ्यावरून मायलेकी येताना दिसल्या. आई पुढे, टिटवी मागे. आईने तिच्यासाठी निळा पोशाख शिवला होता, तो टिटवीने गुडघ्यापाशी मुठीत धरून चोळामोळा केला होता. बाईंना वरूनच कळलं.

आत आल्यावर आईच बोलायला लागली. घडाघडा बोलायची तिला सवय, मशीनच्या आवाजावर बोलून बोलून लागलेली. "काय सांगू बाई तुम्हाला. हिने पट्टी सांगितली, त्यांनी सुरू केलं, आणि ही गायचीच नाही. तोंडात मारल्यासारखी उभी. ते म्हणाले, काय झालं? तर ही काय म्हणाली असेल? म्हणाली, तुमचा पियानो चढा आहे. तिघं बसले होते हो परीक्षक, चांगले वयस्क. हसायलाच लागले. त्यातला एक म्हणाला, बेटा, हा पियानो आज सकाळीच लावून घेतलाय."

"मला वाटलं स्वस्तातला असेल," टिटवी भिंतीकडे बघत म्हणाली.

बाईंची नजर वाद्याकडे गेली.

"मग गायली. शेवटच्या ओळीला आवाज फाटला. असा फाटला बाई, की बाहेर उभी मी, मला वाटलं काही पडलं. तरी त्यातल्या एक मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, घाबरली असेल, कान तर बघू. पाठ करून उभं केलं हिला. मी म्हटलं चला, आता काही काळजी नाही, यात माझी पोर कुणाला हार जायची नाही." इथे आईचा आवाज पहिल्यांदा अडला. "एकसुद्धा बरोबर आलं नाही."

पलीकडच्या खोलीतला पेपरचा आवाज थांबला होता.

"पांढरी एक वाजवली, मी पांढरी दोन म्हटलं," टिटवी म्हणाली. "काळी तीनला काळी चार. सगळी तशीच. त्या मॅडमनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, मुली, तुझं एकही उत्तर बरोबर नाही, पण प्रत्येक चूक सारखीच आहे. तू शिकतेस ते वाद्य एकदा तपासून घे."

"तेच म्हणते मी," आईने तिचा शब्द उचलला, आणि खुर्ची पुढे ओढून अगदी बाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. "तुमचं वाद्य बिघडलंय बाई. तुम्हाला तरी काय कळणार, आतल्या आत बिघडलं तर. आम्ही येताना वाद्यांच्या दुकानात जाऊन आलो. हिने तिथली सगळी वाजवून बघितली, सगळी एकसारखी, आणि सगळी आपल्याहून वर. म्हणून आधी इकडे आलो. तुम्ही एक चिठ्ठी द्या, की वाद्य बिघडलेलं होतं, पोरीचा दोष नाही. त्या मॅडम ऐकतील. आणि दुरुस्तीला टाका हो लगेच, दुसरी पोरं फसायची."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या माउलीच्या तोंडावर संशयाचा लवलेश नव्हता. बाईंच्या चुकीवर पांघरूण घालायला ती स्वतःच कापड घेऊन आली होती. नुसतं हो म्हणायचं. बिघडलं असेल म्हणायचं. बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांची त्यांनाच शरम वाटली, पण शरम वाटता वाटताच त्या म्हणाल्या, "असेल. जुनं झालंय आता. बिघडलं असेल."

टिटवीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग उठली आणि वाद्याशी गेली.

तिने ते चालू केलं. सवयीने तिचं बोट त्या बटणाकडे गेलं. आणि तिथेच थांबलं, बटणाच्या वर, हवेत.

 मग दुसऱ्या हाताने तिने पांढरी एक वाजवली. सूर दुकानातल्यासारखा आला. तिने बटण एकदा दाबलं, वाजवलं. पुन्हा दाबलं, वाजवलं. आता तो तिच्या ओळखीचा झाला होता, लहानपणापासूनचा. तिने नखाने चिकटपट्टी खरवडली. पट्टी अकरा वर्षांहून जुनी, तुकड्यातुकड्यानेच निघाली. खालचा आकडा तिने वाचला, पण मोठ्याने नाही.

"मीच दाबायचे ना, बाई," ती म्हणाली. "रोज."

"टिटवे, ऐक—"

"मला वाटायचं तुम्ही वाद्याच्या पाया पडता."

आईला अजून काही उमगलं नव्हतं. ती एकीकडून दुसरीकडे बघत होती. "काय ग? सापडला का बिघाड?"

"सापडला," टिटवी म्हणाली. तिने शेजारचं वर नेणारं बटण दोनदा दाबून वाद्य शून्यावर आणलं आणि ती बाजूला झाली. "बाई, शेवटची ओळ म्हणून दाखवा ना. आपली नेहमीची. पांढरी चार."

बाई उठल्या. का उठल्या ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. पोरीने इतकी वर्षं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, त्याची सवय असेल, की अजूनही कुठेतरी खुमखुमी असेल. टिटवीने सूर धरला. बाईंनी ओळ घेतली. मधल्या स्वरांपर्यंत गळा साथीला होता, मग चढण आली, आणि वरच्या स्वराच्या जागी नुसता वारा निघाला. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा वारा. खाली चष्मेवाल्याचं दुकान उघडं होतं.

"बास," टिटवी म्हणाली. ती रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. पण तिचा आवाज शिकवणाऱ्याचा होता, थकलेल्या विद्यार्थ्याला थांबवावं तसा. "त्याचं मला काहीच वाटलं नसतं बाई. तुम्हाला लागत नाही, नाही लागत. मी घेतला असता की. तुमच्या वतीने घेतला असता."

आता आईला कळलं. तिने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "पुढच्या वर्षी घेत नाहीत हो," ती इतकंच म्हणाली, बाईंना नाही, कुणालाच नाही.

"मी सांगते त्यांना," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी कशाला, मी स्वतः येते उद्या. सगळं खरं सांगते. टिटवे, मी पाया पडेन त्यांच्या."

"सांगा," टिटवी म्हणाली. "पण माझ्या कानाचं काय करू? तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं ना, नाव एकदा चिकटलं की निघत नाही. आत्ता शेजारच्या दाराची घंटा वाजली, मला पांढरी सात ऐकू आली. ती पांढरी सात नाही, हे मला आता माहीत आहे. तरी तीच ऐकू आली. ती मला अशीच ऐकू येणार, मी मरेपर्यंत."

यजमान दारात येऊन उभे राहिले होते. हातात घडी घातलेला पेपर. ते त्या उघड्या पडलेल्या काचेकडे बघत होते. त्यांना स्वर कळत नव्हता, पण शून्य वाचता येत होतं. मग ते पुन्हा आत गेले.

टिटवीने आईला हाताला धरून उठवलं. दारात ती चप्पल घालायला वाकली, आणि तेवढ्यात जिन्यावरून सहा वर्षांची एक छोटी धावत वर आली. मागून तिची आई, धापा टाकत. शिकवणी आज नाही हा निरोप त्यांना पोचलाच नव्हता. छोटी नवीन होती. टिटवीचा पेल्याचा खेळ बघून गेल्याच महिन्यात तिच्या आईने तिला घातलं होतं.

"उशीर झाला का हो?" छोटीची आई म्हणाली. "काय सांगू, सारखी चला चला करते. कालपासून सांगतेय, आज वाद्य मी उघडणार."

बाईंना नको म्हणता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण छोटीची आई बाकावर बसून हसऱ्या चेहऱ्याने त्यांच्याकडे बघायला लागली होती, तो स्वर ऐकायला बसतात तशी. बाईंनी ओठ मिटले आणि पदर सारखा केला.

छोटी वाद्यापाशी गेली. टिटवीने चालू केलेलं कुणी बंद केलं नव्हतं. तिने बोट बटणावर ठेवलं आणि वळून विचारलं, "दोनदा ना, बाई?"

दारात टिटवी एक चप्पल पायात, एक हातात अशी थांबली होती.

"हो," बाई म्हणाल्या. "दोनदा."